शाळेत घातलेला ऐन

मोटार चारची होती. अंबाजी तीनलाच फाट्यावरच्या चिंचेखाली जाऊन बसला. त्याच्या मागोमाग सहा-सात पोरंही आली, कारण बाई आज येणार हे त्यांनाही ठाऊक होतं. बाई म्हणजे त्याची बायको सगुणा. ती जाताना सांगून गेली होती की पंधरा दिवसांनी परत येईन. पोरांनी देवळाच्या भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ मारली होती. रेघा मारता मारता दोन-तीन जास्तच झाल्या होत्या, पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

मोटार आली. एक अनोळखी बाई उतरली. तिच्या हातात सगुणाची पिशवी होती. खाकी पिशवी, कोपऱ्याला लाल दोऱ्याचा टाका. तो टाका सगुणाने अंबाजीच्या समोर बसून घातला होता. पिशवी त्याने लगेच ओळखली आणि तो मोटारीच्या दाराकडे बघत राहिला. कंडक्टरने दार लावलं. मोटार रेवदंड्याच्या अंगाला निघून गेली.

"सगुणाबाईंच्या घरचं कोण आहे?" त्या बाईने विचारलं.

"मी."

तिचं नाव कोकिळाबाई. पेणला बालवाडीच्या बायांचं जे शिबिर होतं, त्यात ती आणि सगुणा एका खोलीत राहत होत्या. तिने उभ्या उभ्याच सांगितलं. ताप आला. तिसऱ्या दिवशी तो डोक्यात गेला. मग बोलणं थांबलं. डॉक्टर होते, औषध होतं, सगळं झालं. तार केली होती. दीड दिवस वाट बघितली.

"मग काय करणार, दादा? माझा भाऊ तिथंच असतो. त्यानं अग्नी दिला. तुमची वाट बघितली हो आम्ही."

तार दुसऱ्या दिवशी आली. वाडीला टपाल आठवड्यातून दोनदा यायचं, त्यात कुणाची चूक नव्हती. अंबाजीने तो कागद घेतला आणि आढ्याला खोचून ठेवला.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी फाट्यावर धाकट्या सदाने त्याचं धोतर ओढून विचारलं, "आबा, बाई मागच्या मोटारीनं येनार काय?"

"चला घरी," अंबाजी म्हणाला.

रस्त्याने चालायचं म्हणजे एकामागे एक, हे सगुणाने पोरांच्या अंगवळणी पाडलं होतं. कुणी सांगितलं नाही तरी पोरं रांगेत लागली. रांगेच्या शेवटी बाई चालायची. तिथे अंबाजी चालला, हातात पिशवी घेऊन.

•

बालवाडी सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. विकास गटाची ग्रामसेविका वाडीत आली आणि तिने विचारलं, इथे शिकलेलं कोण आहे? सगुणा माहेरी चौथी शिकलेली. अंबाजी दुसरीतून उठलेला. बाकी बायकांत कुणी पाटी धरलेली नव्हती. सगुणा बाई झाली ती अशी. देवळाच्या सभामंडपात अठरा पोरं बसायची. या दोघांना मूल नव्हतं. पण तेवढ्यासाठी ती बाई झाली असं लोक म्हणत ते खरं नव्हे. तिला ते काम आवडायचं, एवढंच.

सरकारकडून तक्ते येणार होते ते आले नाहीत. मग ती पोरांना बाहेर घेऊन जायची. पान, फूल, बी, मुंगी, खेकड्याचं बीळ, जे दिसेल ते. आणि संध्याकाळी अंबाजी जेवायला बसला की विचारायची.

"अवो, पांगाऱ्याला फुलं आली की पानं का नसतात?"

"नसतात म्हंजे नसतात. आधी अंगावरचं उतरवतो, मग नवं घालतो."

"आनि साळुंक्या त्याच्यावर एवढ्या का बसतात?"

"फुलात पानी असतं. भात वाढ."

तो घासाघासाला उत्तर द्यायचा. तिला हे सगळं कशाला लागतं, हे त्याने कधी विचारलं नाही.

त्याच्या बांधावर, देवळाकडून येणाऱ्या वाटेला लागून, एक ऐन होता. भातशेतीच्या मुलखात ऐनाची काय गत असते, हे सगळ्यांना माहीत आहे. माघ-फाल्गुनात त्याच्या फांद्या पानांसकट छाटायच्या. त्याला कवळतोड म्हणतात. त्या फांद्यांचे भारे बांधायचे, वाळवायचे, रोपांच्या जागेवर शेणाबरोबर पसरायचे आणि पावसाआधी पेटवायचे. तो राब. राब भाजल्याशिवाय रोप जोमाने उठत नाही. म्हणून बांधावरचा ऐन नुसता खांबासारखा दिसतो. डोक्यावर फुटलेलं तेवढं पुढच्या वर्षी पुन्हा छाटलं जातं.

दोन वर्षांमागे सगुणा म्हणाली, "त्या एका ऐनाच्या खालच्या फांद्या तोडू नका. पोरांच्या हाताला आल्या पायजेत."

"म्हंजे झाडाला शाळेत घातलंस व्हय?"

"घातलं. फी माफ हाय त्याला."

तो हसला होता आणि फांद्या त्याने ठेवल्या होत्या. दोन वर्षांत त्या चांगल्या खाली वाकून आल्या. यंदा संक्रांत झाली तशी सगुणाने पोरांना सांगितलं, घरून एक एक चिंधी आणा. आयांनी जुन्या लुगड्यांचे काठ फाडून दिले. प्रत्येक पोराने आपली फांदी निवडली आणि तिला चिंधी बांधली. आता जुनं पान कधी गळतं, तिथे कोंब कधी येतो, नवं पान कसं असतं, हे आपल्या आपल्या फांदीवर बघायचं. शिबिराला जायच्या दिवशी सकाळी पिशवी भरताना तिने अंबाजीला पुन्हा सांगितलं, "ऐनाला हात लावू नका हां."

"न्हाय लावत."

हे त्यांचं शेवटचं बोलणं. मोटारीत बसताना तिने हात केला, पण बोलणं ते.

•

सुतकात माणसाने शेताला हात लावायचा नसतो. आठव्या दिवशी मोरू आला. तो अंबाजीचा चुलतभाऊ, वयाने लहान. ओट्यावर बसून त्याने तंबाखू मळली, पण खाल्ली नाही.

"दादा, तुझी कवळतोड व्हायची हाय. आमी सावडीनं करून टाकतो. येसाजी हाय, बाबाजी हाय, मी हाय. तू काय काळजी करू नको."

सावड म्हणजे एकमेकांच्या शेतात फुकट राबायचं. ज्याच्या घरी असं काही झालेलं असेल त्याच्या वाटची सावड परतसुद्धा मागत नाहीत. अंबाजीने मान हलवली.

"करा," तो म्हणाला.

त्या वेळी एवढंच सांगायचं होतं की वाटेवरचा ऐन सोडा. ते त्याला आठवलं नाही. आठ दिवसांत त्याला जे जे आठवलं होतं त्यात ऐन नव्हता. तिने घातलेला टाका होता, तिची खोकण्याची तऱ्हा होती, एकदा तो तिच्यावर विनाकारण ओरडला होता ते होतं. ऐन नव्हता.

तेरावं झालं. शिमगा आला आणि गेला. होळीला वाडीतली सगळी माणसं बाहेर होती, तो घरात बसला. नंतर कामाला लागला, पण खाडीलगतच्या खाजणाकडच्या खालच्या शेतात. बांध फुटला होता, तो घालत होता. वरच्या वाटेने जायचं त्याने टाळलं, कारण त्या वाटेवर देऊळ होतं. तो भात शिजवायचा आणि कालवणाऐवजी त्यात मीठ-पाणी घालून खायचा. जेवताना कुणी काही विचारत नसे. त्यामुळे जेवण लवकर व्हायचं.

एक दिवस सकाळी शेजारच्या ठमाबाईची नात केसर दारात येऊन उभी राहिली. साडेचार-पाच वर्षांची पोर. गालावर गोवराचे डाग अजून पुरते गेले नव्हते.

"आबा, माझी चिंधी द्या."

"कसली चिंधी?"

"जांभळ्या काठाची. माझ्या आयच्या लुगड्याची. सगळ्यांनी बांधली तवा मला गोवर होता. बाई बोलल्या, तुझी मी पिशवीत ठेवते. आल्यावर बांधू."

पिशवी खुंटीला होती. आणल्यापासून त्याने ती उघडली नव्हती. केसर दारातून हलेना. तिला बघून वाटत होतं की ती दुपारपर्यंतही तशीच उभी राहील.

त्याने पिशवी काढली. वर पातळ होतं, घडी केलेलं. त्याखाली फणी, एक वही, आणि वहीत घातलेली चिंधी. जांभळ्या काठाची, वीतभर.

"हीच," केसर म्हणाली. "चला."

"कुठं?"

"बांधायला. बाई न्हाईत तर तुमी बांधा."

तो तिच्याबरोबर निघाला. देवळावरून गेला. वळण आलं आणि ऐन दिसला.

ऐन खांबासारखा उभा होता. खालून वरपर्यंत छाटलेला. कोयत्याचे घाव पांढरे दिसत होते. सावडीच्या माणसांनी काम मन लावून केलं होतं, एक टाहाळी राखली नव्हती.

केसरने झाडाभोवती एक फेरी मारली. मग खोडाला हात लावून बघितला.

"आबा, फांद्या कुठं गेल्या?"

"राबाला."

"कुनी तोडल्या?"

अंबाजी म्हणाला, "मी."

तिने चिंधी त्याच्या हातातून घेतली नाही. "मग ठेवा तुमच्याकडं," म्हणाली आणि घरी गेली.

•

रोपाच्या जागेशेजारी भारे रचून ठेवले होते. चाळीसेक भारे असतील. अंबाजीने पहिला भारा ओढला, त्याला बांधलेला वेल तोडला आणि एकेक फांदी बाजूला टाकायला लागला. दुपारपर्यंत त्याला तीन चिंध्या सापडल्या. पानं वाळून कुरकुरीत झाली होती. चिंध्या मात्र घट्ट होत्या. पोरांनी बांधल्यावर प्रत्येक गाठ सगुणाने पक्की केली होती, आणि तिची गाठ सुटायची नाही.

मोरू गुरं घेऊन चालला होता, तो थांबला.

"दादा, रचलेले भारे कशाला उसकटतोस? काय हरवलं काय?"

अंबाजीने सांगितलं. थोडक्यात सांगितलं. मोरू खाली बसला.

"चिंध्या आमी बघितल्या व्हत्या. येसाजी बोलला बी, नवसाच्या तर न्हाईत? तर ठमाकाकी बोलली, ऐनाला कोन नवस बोलतो रं मेल्या? तोड. म्हनून तोडल्या." त्याने एक वाळकी टाहाळी उचलून बघितली. "दादा, सांगायचं व्हतंस."

"व्हय. सांगायचं व्हतं."

मोरूने गुरं तशीच सोडली आणि दुसरा भारा ओढला. पण अंबाजी म्हणाला, "तू जा. मी बघतो." हे काम त्याला कुणाबरोबर करायचं नव्हतं.

तीन दिवस लागले. वाडीतली माणसं वाटेने जाताना बघायची आणि पुढे जायची. तिसऱ्या दिवशी सतरावी चिंधी सापडली. त्याने सतरा फांद्या खांद्यावर घेतल्या आणि देवळात नेऊन सभामंडपात ओळीने मांडल्या.

पोरं कुणी बोलावली कळलं नाही, पण आली. प्रत्येकाने आपल्या आईचा काठ ओळखला. सदाने आपली फांदी उचलून छातीशी धरली.

"आबा, हिला पान कवा येनार?"

फांद्या पाण्यात घालू, असं काहीतरी सांगता आलं असतं. वाटेत येताना त्याच्या मनात तेच होतं. पण सगुणाने पोरांना झाडाबद्दल खोटं कधी सांगितलं नव्हतं.

"यायचं न्हाय," तो म्हणाला. "तुटलेल्या फांदीला पान येत न्हाय."

"कधीच?"

"कधीच न्हाय."

फाट्यावर त्या दिवशी त्याने सदाला उत्तर दिलं नव्हतं. आज दिलं होतं, आणि कोणत्या प्रश्नाला दिलं ते पोरांना कळलं असावं. कारण बाई कधी येणार हे त्यानंतर त्याला कुणी विचारलं नाही.

मग काय करायचं हे त्याला कळेना. पोरं त्याच्या तोंडाकडे बघत बसली होती. त्याला गाणं येत नव्हतं, गोष्ट येत नव्हती. शेवटी तो म्हणाला, "ओढ्यावर चला. कोशिंब बघू."

पोरं रांगेत लागली. तो शेवटी चालला.

ओढ्याकाठचा कोशिंब नुकता पालवला होता. सगळं झाड तांबडं, लांबून बघणाऱ्याला फुललंय असं वाटावं. अंबाजी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात केसर दुसऱ्या एका पोरीला सांगायला लागली:

"ती फुलं न्हाईत, पानं हाईत. कोशिंबाचं पान नव्या नवरीवानी लाजतं. म्हनून तांबडं. मग घरात रुळलं की हिरवं व्हतं."

अंबाजी उभा राहिला. हे त्याचं बोलणं होतं. कधी बोलला होता ते त्याला आठवत होतं. दोन वर्षांमागे, जेवताना, चेष्टेने. नवरीवानी म्हणताना त्याने सगुणाकडे बघितलं होतं आणि ती म्हणाली होती, "पुरे."

"आनि पांगारा?" त्याने विचारलं.

"पांगारा आधी अंगावरचं उतरवतो," तीन-चार पोरं एकदम ओरडली, "मग नवं घालतो!"

"हे कुनी सांगितलं तुमाला?"

"बाईनी."

"आनि बाईना कुनी सांगितलं?"

हे पोरांना माहीत नव्हतं. बाईला कुणी सांगायला लागतं, असं त्यांना वाटलंच नव्हतं. सदा म्हणाला, "बाईना सगळं येत व्हतं."

"व्हय," अंबाजी म्हणाला. "येत व्हतं."

•

त्या दिवशी घरी आल्यावर त्याने वही काढली. ओट्यावर उन्हात बसून तो वाचायला लागला. दुसरीनंतर त्याने फारसं काही वाचलेलं नव्हतं. अक्षराला अक्षर लावायला वेळ लागत होता. सगुणाचं अक्षर मोठं आणि सरळ होतं, पोरांसाठी काढल्यासारखं.

'पांगारा. पाने गळतात, मग फुले. फुलात पाणी असते. यांना विचारले.'

'कोशिंब. नवे पान तांबडे. यांना विचारले.'

'खेकडा बिळाच्या तोंडाशी माती का काढतो. यांना विचारले. आधी चिडले, मग सांगितले.'

असं पानामागून पान. प्रत्येक नोंदीत तेच दोन शब्द. त्याला वाटत होतं की ती जेवताना काहीतरी बोलायचं म्हणून बोलते. ती दुसऱ्या दिवसाचा धडा गोळा करत होती. हे माहीत असतं तर त्याने नीट बसून सांगितलं असतं, ताट बाजूला सारून सांगितलं असतं. अजून कितीतरी माहीत होतं त्याला. कुड्याचं, सावरीचं, भरती-ओहोटीचं. आता ते त्याच्यापाशीच पडून होतं. विचारणारं कुणी नव्हतं.

शेवटचं लिहिलेलं पान शिबिरातलं होतं. अक्षर थोडं वाकडं होतं. त्या वेळी ताप आलेला असेल किंवा नसेल.

'ऐन. जुने पान गळल्यावर किती दिवसांनी कोंब येतो? मुले विचारतील. घरी गेल्यावर यांना विचारणे.'

तो तिथे थांबला. कारण हे त्याला माहीत नव्हतं.

पन्नाशीला आलेला माणूस, सगळा जन्म ऐनाच्या सावलीत गेला, आणि हे त्याला माहीत नव्हतं. ऐन म्हणजे छाटायचं झाड. पान गळायच्या आधीच त्याने दरवर्षी ते तोडलं होतं, त्याच्या बापानेही तेच केलं होतं. डोंगरावर न तोडलेले ऐन होते, पण उंच. त्यांचं पान खालून दिसायचं ते मोठं झाल्यावर. हाताशी आलेल्या फांदीवर कोंब कसा येतो, हे वाडीत कुणीच बघितलं नव्हतं. यंदा पहिल्यांदा बघायला मिळणार होतं, अठरा पोरांना आणि तिला.

ठमाबाई पाणी घेऊन चालली होती. तिने विचारलं, "काय रं अंबाजी, पोथी वाचतोस व्हय?"

"व्हय," तो म्हणाला.

"जेवलास?"

"जेवतो."

•

चैत्रात सगळ्यांनी राब भाजले. खाडीपर्यंत धूर बसला. अंबाजीनेही भाजला. रोप करायचं तर भाजावाच लागतो. सतरा फांद्यांच्या गाठी त्याने सोडवल्या, चिंध्या काढून घेतल्या आणि फांद्या राबावर टाकल्या. पोरं बांधावर उभी राहून बघत होती. चिंध्या ठमाबाईने धुऊन दिल्या. त्या पिशवीत आहेत, केसरच्या चिंधीबरोबर.

ग्रामसेविका येऊन गेली. नवी बाई मिळेल म्हणाली, पावसाळ्यात किंवा पावसाळ्यानंतर. तोवर अंबाजी सकाळी तासभर पोरांना बाहेर नेतो. माहीत असेल ते सांगतो. सांगून झालं की गप्प बसतो. पोरं त्याला बाई म्हणत नाहीत आणि गुरुजीही म्हणत नाहीत.

ऐनाच्या खोडाला पाऊस पडल्यावर फूट येईल. हाताशी येण्याजोग्या फांद्या व्हायला दोन वर्षं लागतील. तोवर केसर आणि सदा मोठ्या शाळेत गेलेली असतील. वाडीतल्या प्रत्येकाला त्याने घरोघर जाऊन सांगितलं आहे की त्या झाडाला कोयता लावायचा नाही.

ऐनाचं जुनं पान गळल्यावर किती दिवसांनी कोंब येतो, ते अजून बघायचं आहे. केसरची चिंधी अजून बांधलेली नाही.